चार ऊती आणि हौसाक्काचा पाय

“मग भरत का नाही, बाबा?”

डॉक्टर सौमित्र बर्वे यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

भैरूबाबा पट्टीघराच्या ओट्यावर बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “काय भरत न्हाई?”

“हौसाक्काच्या पायाची जखम. सहा आठवडे झाले. रोज सकाळी मी स्वतः धुतो, स्वतः पट्टी बांधतो. औषध उत्तम आहे, पट्टी उत्तम आहे…”

“आनि डागदर उत्तम हाय.”

बाबांचं हे असंच असायचं. चिमटा काढायचा आणि पुन्हा पट्टी गुंडाळायला घ्यायची.

ही वस्ती कृष्णेच्या काठावर, गावापासून दोन मैल बाहेर. साठ-पासष्ट माणसं. प्रत्येकाला कधीतरी कुष्ठरोग झाला होता. औषधांनी तो बरा झाला, पण जाताना हातापायांतलं कळणं घेऊन गेला. तव्याला हात लागला तरी चटका कळत नाही, खिळा रुतला तरी टोचत नाही. बाहेरच्या लोकांना हे सुखाचं वाटतं. वस्तीतल्या लोकांना विचारा.

भैरूबाबा मूळचे गोसावी. गावोगाव फिरायचे, दारात उभं राहून पदं म्हणायचे. अडतीस वर्षांपूर्वी पायाला चिंध्या बांधून इथे आले आणि इथलेच झाले. पुढे पट्टीघर त्यांच्याकडे आलं. औषधं डॉक्टरांची, पण पाय कसा बघायचा ते बाबांकडून शिकायचं, असा तिथला शिरस्ता होता. सौमित्रला त्याच्या प्राध्यापकांनी इथे धाडलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, “एक वर्ष त्या गोसाव्याच्या पायाशी बस.”

सौमित्रला आधी ती थट्टा वाटली. परीक्षेत पहिला आलेला मुलगा, तो कुणाच्या पायाशी का बसेल? पण महिनाभरात बाबांवर त्याचा जीव जडला. बसायचा मात्र खुर्चीवरच.

“उद्या सकाळी नऊ वाजता गाडी येणार आहे,” तो म्हणाला. “मोठे सर्जन म्हणाले, आज हाड शाबूत आहे, उद्या असेल असं नाही. जखम बंद होत नसेल तर दोन बोटं काढून टाकू. मी पाच महिने इथे आहे, बाबा. माझ्या हाताखालून एकाचंही बोट गेलेलं नाही.”

“तुज्या हाताखालनं,” बाबा म्हणाले.

“म्हणजे… हौसाक्काचं.”

बाबांनी गुंडाळलेली पट्टी टोपलीत टाकली. दुसरी घेतली.

“शरीर कशाचं बनलंय, त्ये सांग आदी.”

“हे मी पहिल्या वर्षाला शिकलो, बाबा.”

“म्या न्हाई शिकलो. मला सांग.”

समजावून सांगायला लावलं की डॉक्टरांचा चेहरा खुलायचा. पहिल्या नंबरवाल्यांचं हे असंच असतं.

“पेशी तुम्हाला माहीत आहेत. एकसारख्या पेशी एकत्र येऊन एक काम करतात, तेव्हा त्यांना ऊती म्हणतात.”

“म्हंजे भावकी.”

“तसं म्हणा.”

“तसं कसं म्हनू? भावकी एक हून काम करती, हे तू कुटं बगितलंस?”

डॉक्टर हसले. “या भावकीत करतात. चार प्रकार आहेत. पहिली अभिस्तर ऊती. झाकणारी. कातडी तीच, तोंडाच्या आतलं अस्तर तेच, आतड्याचंही तेच. पेशी एकीला एक खेटून बसतात. बाहेरचं आत येऊ देत नाहीत, आतलं बाहेर सांडू देत नाहीत. घाम, लाळ, पोटातले रस, हे गाळणाऱ्या ग्रंथीही तिच्याच.”

“आनि झिजली म्हंजे?”

“खालून नवी येते. जखम झाली तर चहूकडच्या कडांनी सरकत येते आणि झाकून टाकते.”

“कुनी सांगाय लागतं का तिला?”

“नाही. आपणहून येते.”

“गुनाची बाय हाय,” बाबा म्हणाले. “दुसरी?”

“संयोजी ऊती. जोडणारी, आधार देणारी. हाडं, कानातली कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, कातडीखालची चरबी… आणि रक्त.”

बाबांचे हात थांबले.

“रगत?”

“हो. रक्तही त्याच घरातलं.”

“आरं, रगत तर पळतंय. पळनारं बांदंल कसं?”

“ते सगळीकडे जातं ना, बाबा. इथलं तिथे पोचवतं. एकाही अवयवाचं दार चुकवत नाही.”

“पोस्टमनवानी.”

“अगदी तसंच.”

बाबांना ते फार आवडलं. त्यांनी दोनदा मान हलवली. “म्हंजे मानसं जोडाय एका जाग्यावर ठान मांडून बसाय पायजे आसं काय न्हाई. म्या उगंच गोसावीपन सोडलं.”

“तिसरी स्नायू ऊती,” डॉक्टर रंगात आले होते. “ओढणारी. हालचाल तिची. हातापायातले स्नायू आपल्या हुकमात चालतात. पोटातले, रक्तवाहिन्यांतले आपल्याला न विचारता काम करतात. आणि हृदयाचा स्नायू तर आईच्या पोटात असल्यापासून लागतो तो…”

“ह्यो बग,” बाबांनी उजवा अंगठा पुढे केला. “ह्यो पांगळा झाला हुता. भाकर मोडता यीना. तवा एक डागदर हुते. त्येंनी ह्या बोटाची वादी सोडवली आनि अंगठ्याला न्हेऊन बांदली.”

डॉक्टरांना ते ऑपरेशन माहीत होतं. एका बोटाचा कंडरा घेऊन अंगठ्याच्या कामाला लावायचा. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, अंगठा आज पहिल्यांदा नीट बघितला.

“पट्टी सोडली तवा अंगठा हलंना. डागदर म्हनले, अंगठा हलीव म्हनू नगं, बोट वाकीव म्हन मनात. म्या म्हनलं, बोट वाक रं… आनि अंगठा हलला!” बाबा लहान मुलासारखे हसले. “सा म्हैनं मी भाकर मोडताना बोटाला हाक मारत हुतो. आता इसरलो. त्येबी इसरलं आपन कुनाचं हुतो त्ये.”

दोघंही थोडा वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“चौथी?” बाबांनी विचारलं.

“चौथी चेता ऊती. मेंदू, पाठीच्या कण्यातली दोरी, सगळ्या नसा. बातमी नेणं आणि आणणं हे तिचं काम. काटा रुतला हे ती वर मेंदूला कळवते. पाय उचल, हा मेंदूचा निरोप स्नायूला पोचवते. ती एकदा…”

डॉक्टर अडखळले. समोर बाबांची दोन्ही पावलं होती. एकाला तीन बोटं, दुसऱ्याला दोन.

“येकदा मेली म्हंजे परत येत न्हाई. सांग की. आमास्नी ठावं हाय.”

“…नाही येत.”

“बरं. हौसाक्काच्या पायातल्या किती मेल्यात?”

“एकच. चेता.”

“बाकीच्या तिगी?”

“ठणठणीत. रक्त चांगलं आहे, कातडी वाढायला तयार आहे, स्नायूही बरे आहेत.”

“मग त्या तिगी हातावर हात दिऊन का बसल्यात?”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. “बसलेल्या नाहीत, बाबा. जखमेच्या कडेने नवी कातडी येते. हौसाक्का त्यावर पाय टेकून चालते आणि ती चिरडते. दुखत नाही ना, म्हणून चालते.”

“मग म्हाईत हाय की तुला का भरत न्हाई त्ये. मला कशापायी इचारतोस?”

“चालू नका म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“ती काय म्हनली?”

“हो म्हणाली.”

“आनि?”

“आणि चालते. हट्टी बाई आहे. मी माझं काम चोख केलं, बाबा. तिने ऐकलं नाही त्याला मी काय करू?”

पट्ट्यांची टोपली भैरूबाबांनी बाजूला सारली, भिंतीला धरून उठले आणि पायात जाड रबरी चपला घातल्या.

“चल,” ते म्हणाले. “पाय बघायची येळ झाली.”

करंजाच्या झाडाखाली लाकडाची दोन लांब बाकं समोरासमोर मांडलेली होती. रोज साडेचारला, उजेड चांगला असताना, सगळी वस्ती तिथे जमायची. प्रत्येकाला एक जोडीदार ठरलेला. समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायचा आणि नीट बघायचा. भेग आहे का, फोड आहे का, काटा अडकलाय का. मग गाल लावून बघायचा, कारण आत जखम होत असेल तर तळवा गरम लागतो, आणि बोटांना ते कळत नाही, गालाला कळतं. आपला पाय आपण बघायचा नाही, हा नियम. आपल्या पायाच्या बाबतीत माणूस फार सवलत घेतो.

आणखी एक रीत होती. पायाला काही लागलेलं सापडलं, की ज्याने बघितलं त्याने ओरडायचं. “आई गं!” असं, पोटातून, जणू स्वतःलाच लागलंय. ज्याचा पाय त्याला ओरडता येत नाही, म्हणून दुसऱ्याने ओरडायचं.

सौमित्र नवीन आला तेव्हा हे ऐकून त्याला हसू आलं होतं. “ओरडण्याने जखम भरत नाही, बाबा,” असं तो म्हणाला होता. बाबा तेव्हा गप्प बसले होते. सौमित्रने त्याचा अर्थ, आपलं पटलं, असा घेतला.

दोन महिन्यांपूर्वी हौसाक्काची जोडीदार भागूबाई वारली. हौसाक्का एकटी पडली. सौमित्रने आपणहून सांगितलं, “हौसाक्कांचा पाय मी बघीन. रोज. भिंग लावून.” त्याच्या मनात खरंच माया होती. तो सकाळी दहाला तिला पट्टीघरात बोलवायचा, कारण तेव्हा खिडकीतून ऊन छान यायचं. संध्याकाळी ती बाकाच्या टोकाला नुसती बसून असायची, पाय लुगड्याखाली घेऊन. तिचा पाय सकाळीच बघून झालेला असायचा.

आजही ती तशीच बसली होती.

बाबा आणि डॉक्टर येऊन उभे राहिले, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

“आई गंऽऽ!”

शिदू ओरडला होता. त्याच्या मांडीवर तुकानानांची टाच होती आणि टाचेवर रुपयाएवढा फोड.

पाच-सहा जण एकदम वळले. “कुटं? कुटं लागलं?” शेवंती उठून आली. “चुलीपाशी बसला हुता सकाळी, म्या बगितलंय!” कुणी तुकानानांची काठी आणायला पळालं. कुणी म्हणालं, उद्या नानांचा चहा मी आणून देईन. दोघींनी त्यांना यथेच्छ शिव्या दिल्या.

आणि तुकानाना स्वतः मान वाकडी करून टाचेकडे बघत होते. “लागलंय व्हय मला? आत्ता गं बया!”

डॉक्टर हे रोज खिडकीतून ऐकत आले होते. इतक्या जवळून आज पहिल्यांदा बघितलं.

“हौसाक्का,” बाबांनी हाक मारली, “पाय कसा हाय?”

“ब्येस हाय की.”

“बेस?” डॉक्टरांचा आवाज चढला. “हौसाक्का, उद्या बोटं कापायला न्यायचंय तुम्हाला!”

हौसाक्का त्यांच्याकडे बघतच राहिली.

“बोटं? माजी?”

“मी सांगितलं नव्हतं का?”

“तुमी म्हनलासा बारकं आपरेशन हाय. म्या म्हनलं बारकंच आसंल. कायतरी धुयाचं-पुसायचं आसंल.” तिचा हात नकळत पायाकडे गेला. “पर माजा पाय तर ब्येस हाय. तुमी रोज बगताय. येकदा तरी वरडलासा का?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

“भागू हुती तवा खिळा रुतला हुता मला,” हौसाक्का सांगू लागली. “आशी वरडली, आशी वरडली, की पल्याडचा मेंढरंवाला पळत आला. मला वाटलं मी मेलेच. म्हैनाभर कुनी मला पाय खाली ठिवू दिला न्हाई. पानी ह्या शेवंतीनं आनलं. शेळी शिदूनं चारली. आनि तुमी… तुमी बगता, वहीत लिवता, ग्वाड हसता, पट्टी बांदता. म्या म्हनलं, भागू गेली, पर पाय तेवडा बरा हाय.”

“पण पाय टेकू नका असं मी सांगितलं होतं ना?”

“त्ये तुमी समद्यास्नीच सांगता. मीठ कमी खावा, पानी लई पिवा, पाय टेकू नगासा.” हौसाक्काच्या बोलण्यात राग नव्हता. “आनि न्हाई टेकला तर माजी शेळी कोन चारनार? मला लागलंय हे हितं ठावं कुनाला हाय?”

डॉक्टरांनी आजूबाजूला बघितलं. शेवंती तोंडावर पदर धरून उभी होती.

“आमाला वाटलं तुजी जखम कवाच भरली,” ती म्हणाली. “दिस-रात भिंगरीवानी हिंडतीयास की गं तू.”

डॉक्टरांच्या खिशात वही होती. तिच्यात हौसाक्काच्या पायाच्या एकेचाळीस नोंदी होत्या, तारीख घालून, सुरेख इंग्रजीत. लांबी, रुंदी, खोली, कडांचा रंग. इतक्या काळजीने कुणी कुणाचा पाय लिहिला नसेल. आणि ती वही एकेचाळीस दिवसांत त्यांच्याशिवाय कुणी उघडली नव्हती.

“बस,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“भागूबाई बसायची तितं.”

डॉक्टर बाकावर हौसाक्कासमोर बसले. त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली. जखम सकाळी होती तशीच होती. मधे लाल खळगा, कडांना पांढुरकी, चेंगरलेली कातडी.

“आता?”

“बोल की.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “आई गं,” ते म्हणाले. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचावं तसं.

बाकावर हशा पिकला.

“अवो सायेब, पाय हाय माजा, पेपर न्हवं!” हौसाक्काही हसली.

“प्वाटातनं काडा, डागदर!” तुकानानांनी सल्ला दिला. त्यांना आता चांगलाच हुरूप आला होता.

डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न केला. नुसता खोकला आला. कान लाल झाले. ते बाबांकडे वळले. “मला नाही जमत, बाबा.”

“तुला कदी लागलं न्हवतं?”

“लागलं होतं की. लहानपणी हात मोडला होता.”

“मग तवा कसा वरडला हुतास?”

डॉक्टरांनी वर झाडाकडे बघितलं. करंजाच्या शेंगा वाऱ्याने हलत होत्या.

“नाही ओरडलो,” ते म्हणाले. “आमच्या घरी… ओरडलेलं चालायचं नाही. शहाणी मुलं ओरडत नाहीत, असं होतं.”

आता कुणीच हसलं नाही.

हौसाक्काने वाकून आपला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. तिची बोटं निम्मीच होती. त्या हाताला केस लागत नव्हते, तरी तो केसांवरून फिरत राहिला.

“आरं लेकरा,” ती म्हणाली. सायेब आणि तुमी हे दोन्ही ती विसरून गेली होती. “तुज्यासाटी नगं वरडू. माज्यासाटी वरड.”

डॉक्टरांनी पुन्हा पायाकडे बघितलं.

इतके दिवस ते जखम बघत होते. आज त्यांना पाय दिसला. साठ वर्षं चाललेला, टाचेला भेगा, नखांना माती, अंगठ्यात कधीचं तरी काळं पडलेलं अनवट. त्याच्या शेजारची दोन बोटं उद्या दुपारपर्यंत नसणार होती. आणि तो पाय बिचारा काहीच बोलत नव्हता.

“आई गंऽऽऽ!”

पाखरं उडाली. आवाज नदीपर्यंत गेला असेल. डॉक्टर स्वतःच दचकले, आणि मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सत्तावीस वर्षांचा पहिल्या नंबरचा डॉक्टर, परक्या बाईचा पाय छातीशी धरून रडत होता. लाज वाटायला त्यांना सवडच मिळाली नाही.

कारण तोवर वस्ती उठली होती.

“कुटं? कुटं लागलं?”

“दाव मला! आगं बाई, केवडी मोटी हाय ही!”

“आनि ही भवानी शेळीमागं हिंडत हुती!”

शेवंतीने हौसाक्काची घागर उचलून आपल्या दारात नेऊन ठेवली. शिदू शेळी सोडायला गेला. दोघांनी खुर्ची आणून तिला खुर्चीसकट उचललं. तुकानानांनी तिच्या चपला काढून घेतल्या आणि त्यांवर स्वतः बसले. “आता बगू कशी चालतीस,” ते म्हणाले. आणि शिव्या तर हौसाक्काला इतक्या मिळाल्या, की तिचा चेहरा उजळून निघाला. दोन महिने तिला कुणी शिवी दिली नव्हती.

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि सर्जनना फोन लावला.

“सर, तीन आठवडे द्या. दर आठवड्याला हाडाचा फोटो पाठवतो. जरा जरी काही दिसलं तरी मी स्वतः घेऊन येईन.”

“सहा आठवड्यांत जी भरली नाही, ती तीन आठवड्यांत कशी भरेल?”

“सर, सहा आठवडे तिला जखम झालीय हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

“कुणी म्हणजे कुणी?”

“मी, सर.”

मग सर्जन म्हणाले, “तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही.”

ते तीन आठवडे हौसाक्काच्या आयुष्यातले फार कंटाळवाणे गेले. तिला कुणी हलू देईना. पाणी दारात, भाकरी हातात, शेळी चरून परत. शेळी तर शिदूलाच इतकी लळावली, की हौसाक्काला तिचा राग आला. डॉक्टर रोज साडेचारला बाकावर येऊन तिचा पाय मांडीवर घ्यायचे आणि ओरडायचे. जखम लहान होत गेली तसा आवाज लहान करायला ते तयार नव्हते. शेवटी हौसाक्काच म्हणाली, “आता हळू, लेकरा. शेळी बुजती.”

कातडी कडांनी सरकत आली. तिला कुणी काही सांगितलं नाही.

विसाव्या दिवशी जखम बंद झाली. वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी नवी, गुलाबी कातडी होती. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, मग भिंग खाली ठेवून नुसतं बघितलं, आणि बाबांना हाक मारली.

भैरूबाबा आले. हौसाक्कासमोर जमिनीवर बसले, तिचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं आणि तळव्याला आपला गाल लावला.

“बाबा, आवो बाबा!” हौसाक्काने पाय ओढून घ्यायला बघितलं. “पाप लागंल मला!”

“गप गं. आयकू दी.”

डोळे मिटून ते तसेच बसून राहिले. सगळं बाक त्यांच्याकडे बघत होतं.

“गार हाय,” ते म्हणाले.

शेवंतीने टाळी वाजवली. हौसाक्का पदर डोळ्यांना लावून हसत होती, की रडत होती, ते कळत नव्हतं. डॉक्टरांचा आनंद तर पोटात मावेना. त्यांनी दोन्ही हातांनी बाबांचे पाय धरले.

“बाबा, चौथी ऊती आज कळली मला,” ते म्हणाले. “खरंच कळली.”

“व्हय?”

“व्हय.”

“मग बूट काड.”

“कुणाचे?”

“तुजं.”

डॉक्टर गोंधळले. “माझे कशाला?”

“हौसाक्का आता बरी झाली. तिला बी कुनाचातरी पाय बगाय नगं? आजपासनं तुजा पाय ती बगंल.”

हौसाक्काने ताबडतोब लुगडं सारखं करून मांडी पुढे केली.

डॉक्टर हसले. थोडे लाजलेही. “बाबा, माझ्या पायांना काही झालेलं नाही. साधा काटा रुतला तरी मला लगेच कळतं.”

बाबांनी खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी सोडली. मोजे काढले. ते पांढरं, मऊ पाऊल उचलून हौसाक्काच्या मांडीवर ठेवलं.

“तुला कळतं रं…” ते म्हणाले. “पर आमास्नी कसं कळायचं?”